भाऊंच्या लशीचा सुवाच्य तक्ता

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या आतेभावाइतकं, म्हणजे आपल्या भाऊंइतकं, केळ्यावर प्रेम करणारा माणूस अख्ख्या रावेर तालुक्यात सापडायचा नाही, आणि नेमकं त्यांनाच केळं बंद आहे. दोन्ही किडन्या निकामी झाल्यावर डॉक्टरांनी आधी तेच सोडायला लावलं. पण आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी जळगावला येताना भाऊ पिशवीभर केळी आणतात आणि नर्सला, झाडूवाल्या मावशींना, रिक्षावाल्याला समोर बसवून खायला लावतात. "सावकाश खा ना ताई. मधे जरा घट्ट लागतं ना? मग गोड?" तिने मान हलवली की भाऊंचं पोट भरतं. रक्त साफ करणाऱ्या मशीनला ते 'धोबी' म्हणतात. एकदा ते मधेच थांबलं, आम्ही सगळे घाबरलो, तर भाऊ पडल्यापडल्या विचारतात, "धोबी जेवायला गेला का?"

त्यांचे कागद मी सांभाळते, कारण भाऊंकडे ते केळ्यांच्याच पिशवीत असतात. त्यांच्या बायकोची किडनी जुळली, तेव्हा डॉक्टरांनी हिपॅटायटिस बीची लस आधी पूर्ण करायला सांगितली. ऑपरेशननंतर शरीराची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवतात, मग लस नीट लागू पडत नाही. लशीचा कागद केळ्याच्या चिकाने डागाळलेला माझ्या हाती आला. मी पट्टीने रेघा मारून सुवाच्य तक्ता केला. कागदावर लस चार वेळा घ्यायची होती आणि प्रत्येक वेळी 'दोन इंजेक्शनं' होती. मी स्वतः ही लस एकेकच घेतली होती. डॉक्टरांची घाईतली चूक, असं मी ठरवलं. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली मी; चूक दिसली की हात शिवशिवतो. मी 'एक' लिहिलं. कोणाला विचारलं नाही. रावेरच्या सिस्टरने माझा तक्ता बघून तसंच टोचलं, चारही वेळा.

सहा महिन्यांनी रक्त तपासलं. लस लागूच पडली नव्हती. किडनीच्या रुग्णाला ती दुप्पट लागते, हे मला तेव्हा कळलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं ठरलं, आणि ऑपरेशन लांबलं.

"हा तक्ता कोणी केला?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच, साहेब," भाऊ म्हणाले.

"अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं."

"लहानपणापासूनच, साहेब."

भाऊंची सही त्यांच्या बँकेलाही वाचता येत नाही. मी शेजारच्या खुर्चीत होते.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाले, "वहिनी, तुम्ही काय रडू राहिल्या? सुया तर मला टोचणार आहेत!" पण घरी त्यांच्या बायकोने दवाखान्यासाठी भरलेली बॅग माझ्यासमोर उपसली, एकेक कपडा परत कपाटात ठेवला आणि विचारलं, "वहिनी, चहा टाकू?"

गेल्या सोमवारी डायलिसिस चालू असताना डॉक्टर फेरीला आले. मी उभी राहिले आणि म्हटलं, "डॉक्टर, तो तक्ता मी केला होता. 'दोन'चं 'एक' मीच केलं." "पुढच्या वेळी विचारत जा," एवढंच म्हणून ते पुढच्या पलंगाकडे गेले.

भाऊ मात्र चिडले. "काय वहिनी! एवढी चांगली थाप मारली होती मी. वाया घालवली!"

मग ते हसले, आणि हसता हसता दमून डोळे मिटले. किती बारीक झालेत ते! मशीनचे अजून तीन तास बाकी होते. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि बसून राहिले.