आबांचा रुमाल आणि वैशालीचं लॉक

सॉफ्टवेअरवाल्याला किस्से जमवावे लागत नाहीत. कोड चुकला की ते आपोआप साठतात! आमचे बहुतेक साठले ते इंदापूरच्या आबांच्या मंगल कार्यालयामुळे.

बुकिंगचे काउंटर दोन. इंदापूरला विंडोज, बारामतीला लिनक्स. तारखांची फाइल मात्र एकच. एकजण नोंद करत असला की दुसऱ्यानं थांबायचं, म्हणजे फाइलला लॉक! दोन्हीकडे चालेल असं लॉक C भाषेत लिहायचं काम माझं आणि वैशालीचं.

आबांची अट सरळ होती. "एक मुहूर्त दोन वऱ्हाडांना गेला, तर मशीन परत न्या. माझी वही बरी हाय."

*

मी लिनक्सवर लॉक लावलं आणि ऐटीत आबांना दाखवायला गेलो. आमच्याच दुसऱ्या प्रोग्रॅमनं त्या फाइलमध्ये खुशाल लिहिलं!

"लिनक्सचं लॉक ‘लॉक आहे का?’ असं विचारणाऱ्यालाच अडवतं," वैशालीनं समजावलं.

"म्हंजे यष्टीच्या खिडकीतनं टाकलेला रुमाल!" आबा म्हणाले. "मानला तर जागा, न्हाय तर नुसतं फडकं."

तेव्हापासून आमच्याकडं लॉकला रुमालच म्हणतात.

*

विंडोजचं उलटं. आबा सहज तारखा बघायला बसले, तर लॉक फाइल वाचूही देईना.

"कार्यालय माझं, अन् मलाच बंदी व्हय?"

"आबा, सिक्युरिटी!"

"सिक्युरिटीचा पगार मी देतो!"

*

मग लिनक्सवरचं लॉक मधेच गायब व्हायला लागलं. दोन दिवस डोकं फोडल्यावर चोर सापडला, तो मीच! तीच फाइल मी दुसऱ्यांदा उघडून बंद करत होतो, आणि एकदा बंद केली की आपली सगळी लॉकं सुटतात.

आबांना हसू आवरेना. "एकजण चहाला उतरला, अन् घरच्या समद्यांचे रुमाल गेले?"

*

वैशालीचं लग्न ठरलं, तरी तिचा जीव लॉकमध्येच. दोन्हीकडून एकाच वेळी एकच तारीख अजून कुणी मागितली नव्हती, म्हणजे लॉकची खरी परीक्षा बाकीच होती.

एका सकाळी तिचे वडील, तात्या, इंदापूरच्या काउंटरवर आले. "पोरीचं लगीन हाय, ठरलेला मुहूर्त धरा." तिथं बसलेल्या वैशालीनंच बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, ‘दुसरीकडे नोंद चालू आहे, थांबा.’ आणि मग, ‘तारीख गेली.’

"कुणी घेतली? बारामतीला फोन लावा! बघतोच त्याला!"

बारामतीच्या काउंटरवर मी होतो, फोन मीच उचलला. तात्या स्पीकरवर गरजत होते. माझ्यासमोर लोणी भापकरचे एक गृहस्थ पेढ्यांचा पुडा सोडत बसले होते. त्यांनी फोन मागून घेतला.

"तात्या, मी तुमचा व्याही बोलतोय. म्हटलं, कार्यालयाचं आमीच बघावं, तुमाला भार नगं."

तात्यांच्या मागून वैशाली ओरडली, "चाललं! लॉक चाललं!"