दोन बोटं माया

मास्तरांना गल्लीत सगळे 'वाढीव मास्तर' म्हणत. लहान मुलाचा कपडा शिवताना ते कुणाचंही न ऐकता आत दोन बोटं जादा कापड दुमडून ठेवत. या कापडाला शिंपी 'माया' म्हणतात. "वाढत्या अंगाचं आहे," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. त्यांनी शिवलेला शाळेचा शर्ट पहिल्या वर्षी ढगळ असायचा, दुसऱ्या वर्षी बरा दिसायचा आणि अंगाला नीट बसेपर्यंत विटून गेलेला असायचा. सूनबाईला याचा भारी राग. आपली लेक बुजगावण्यासारखी दिसते, असं ती सासऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने नवऱ्याला सांगे.

मग नात सकाळी उठल्या उठल्या ओकू लागली, चालताना तिचा तोल जाऊ लागला. मेंदूच्या मागच्या भागात गाठ निघाली. लगेच घरात विद्वान गोळा झाले. आत्याने दुधावर खापर फोडलं, शेजारणीने मोबाईलवर. सूनबाई मात्र सरळ बोलली. पोरगी मागे एकदा दुकानातल्या टेबलावरून डोक्यावर पडली होती आणि तेव्हा मास्तर काजं करण्यात गुंग होते. मास्तरांनाही ते पटलं होतं.

ऑपरेशननंतर त्यांनी सुनेसमोरच डॉक्टरबाईंना विचारलं. पडल्याने अशी गाठ होत नाही, असं बाई म्हणाल्या. बाळाचा मेंदू घडत असताना पेशी भराभर वाढतात, मग थांबतात आणि आपापल्या कामाला लागतात.

"हिच्या काही पेशी थांबल्याच नाहीत. मोठ्या झाल्याच नाहीत त्या, नुसत्या वाढत राहिल्या. यात कुणाचाच दोष नाही."

निर्दोष सुटलेले मास्तर बाहेर आले ते तोंड पाडून. ज्या शब्दावर जन्मभर दुकान चालवलं, तोच उलटला होता. वाढणं आणि मोठं होणं यांची फारकत होऊ शकते, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी माया ठेवणं बंद केलं. कपडे प्रथमच अंगाबरोबर बसू लागले आणि इतकी वर्षं ढगळ म्हणून कुरकुरणाऱ्या आया आता लगेच आखूड झाले म्हणून भांडायला येऊ लागल्या. मास्तर मान खाली घालून ऐकून घेत.

नातीचे उपचार चालूच होते. केस गेले होते, उंची थबकली होती आणि पुढचं काही डॉक्टरबाई छातीठोकपणे सांगत नव्हत्या. एके दिवशी सूनबाई फ्रॉकसाठी फुलाफुलांचं कापड घेऊन लेकीसह दुकानात आली. मास्तरांनी माप घेतलं, कापड पसरलं आणि खडूने अगदी मापाची रेघ ओढली.

"बाबा, माया?" सून म्हणाली.

या वेळी नीट बसेल असाच शिवतो, तुला ढगळ आवडत नाही ना, असं काहीतरी मास्तर पुटपुटले. त्यांना सुनेकडे बघवत नव्हतं.

"तिला पुढच्या वर्षीही घालायचाय हा."

मास्तरांनी रेघ पुसली आणि दोन बोटं खाली दुसरी ओढली. सूनबाईने ती वाकून पाहिली.

"आणखी," ती म्हणाली.