माशांच्या टाकीखालचं स्टँड

आमच्या घरात मासे आले ते नवऱ्याच्या साहेबांमुळे. नवरा एका सरकारी कचेरीत होता. साहेबांच्या बंगल्यावर रंगीत माशांची मोठी टाकी होती आणि ती बघून आल्यापासून त्याला तशीच टाकी आपल्याही हॉलमध्ये हवी झाली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. कसबा बावड्यात उसाची रानं मोडून पडलेल्या प्लॉटांवर आम्ही नुकतंच घर बांधलं होतं. एका रविवारी तो रिक्षातून तीन फुटी काचेची टाकी घेऊन आला, जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि बादलीने पाणी ओतायला लागला. टाकी निम्मी भरली आणि टेबलाचे पाय फाकले. दोघांनी मिळून मगाने पाणी उपसलं तेव्हा कुठे टाकी वाचली.

"वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी स्टँड करून घेऊ," मी म्हटलं.

"लोखंडी नको. साहेबांच्यात सागवानी हाय."

सुतार दोनदा येऊन माप घेऊन गेला, पुन्हा फिरकला नाही. टाकी महिनाभर कोपऱ्यात पडून राहिली. आमची लेक तेव्हा दोन वर्षांची, ती त्यात चमचे टाकायची. शेवटी मीच म्हटलं, "मी करते."

नवरा हसला. "तू? भाकरी थापायची हाय व्हय ती?"

त्याला माहीत नव्हतं असं नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, उद्यमनगरात एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याची आधी हुबेहूब लाकडी प्रतिकृती करायची, ती वाळूत दाबून साचा काढायचा. ती प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. सुताराचं काम सुताएवढं चुकलं तर चालतं, पॅटर्नमेकरचं केसाएवढंही चालत नाही. सुट्टीच्या दिवशी आबा घरी लहानसहान कामं घ्यायचे आणि मी त्यांच्या समोर बसायचे. आधी भुसा गोळा करायला, मग लाकूड धरायला, मग रंधा मारायला. माझ्या भावाला या कामाचा कंटाळा होता. आबा म्हणायचे, "पोरीचा हात बसलाय." माझ्या लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर त्यांनी एक रंधा, लाकूड कोरायच्या दोन पटाश्या आणि काटकोन तपासायचा गुण्या एका पिशवीत घालून दिला. आई म्हणाली, "पोरीला हे कसलं देताय?" ते म्हणाले, "असू दे की."

वखारीतून मी जुन्या चौकटीचं सागवान आणलं. नवं परवडलं असतं, पण जुनं लाकूड पुन्हा मुरडत नाही. त्यात कुठे कुठे मोडके खिळे होते. पहिल्याच दिवशी एका खिळ्यावर रंध्याचं पातं गेलं आणि धार पुन्हा लावण्यात दुपार संपली. परसात, धुण्याच्या दगडाशेजारी माझा कारखाना. लेक झोपली की काम, उठली की बंद. साखर कारखान्याचा हंगाम होता, मळीचा वास नाकात आणि भुसा केसांत. शेजारीण भिंतीवरून डोकावून म्हणाली, "अगं बाई, काय शाळेचं बाक करतीस काय?"

पाणी भरल्यावर त्या टाकीचं वजन दीडशे किलोच्या वर जाणार होतं. खिळ्यांच्या भरवशावर ते ठेवायचं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक आडव्या पट्टीच्या टोकाला जीभ काढायची, पायात तिच्या मापाचं भोक पाडायचं, दोन्हींना सरस लावून एकमेकांत बसवायचं आणि वरून पाचर ठोकायची. असे बारा सांधे. एक पाय मी अर्धा इंच आखूड कापला. कुणाला सांगितलं नाही, तो टाकून दुसरा केला. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. भाकरीचं पीठ मळताना झोंबायचं.

एक गोष्ट मी केली ती कुठल्याही सुताराने केली नसती. पॅटर्नला आतला कोपरा कधी काटकोनी ठेवत नाहीत, तिथली वाळू ढासळते. म्हणून आबा त्या कोपऱ्यात मेण भरून बोटाने गोलाई काढायचे. स्टँडला त्याची काही गरज नव्हती. पण माझ्या हाताला तो कोपरा तसाच सोडवेना. मी भुसा आणि सरस कालवून बाराही कोपरे भरले आणि बोटाने गोल केले.

मग पॉलिश पेपर, आधी जाड, मग बारीक, मग वापरून गुळगुळीत झालेला. लाखेच्या पॉलिशवर पाणी सांडलं तर पांढरे डाग पडतात, म्हणून मी वॉर्निश लावलं. चार हात, प्रत्येक हात वाळला की पुन्हा घासून. शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून पातळी बघायची पाणसळ मागून आणली आणि स्टँड हॉलमध्ये ठेवलं. बुडबुडा बरोबर मधे थांबला. मी एकटीच होते. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मी आजही नाकारत नाही.

टाकी भरली, मासे सोडले. नवरा वाकून वाकून बघत होता. "झकास झालंय," म्हणाला. मला तेवढं पुरलं.

पंधरा दिवसांनी साहेब चहाला आले. टाकीपेक्षा त्यांची नजर खालीच गेली.

"वा! हे कुणाकडून करून घेतलं?"

"घरीच केलं साहेब," नवरा म्हणाला.

"तुम्ही केलंत? हात चांगला आहे हो तुमचा."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. नवऱ्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तो हसला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही, नुसता हसला. मी चहा ठेवून आत गेले.

साहेब गेल्यावर मी विचारलं. तो म्हणाला, "बायकोनं रंधा मारला म्हणून सांगू व्हय? मग मी काय करत हुतो त्येबी विचारतील की."

मला वाटलं, एकदाच झालं, गेलं. पण साहेबांनी कचेरीत सांगितलं आणि लोक बघायला येऊ लागले. नवरा आता हसण्यावर थांबत नव्हता. जुनं सागवान का घेतलं, चार हात वॉर्निश का दिलं, सगळं सांगायचा. एके दिवशी स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं, "त्ये पाचर की काय म्हणतीस, ती कुठनं मारायची असती?" मी सांगितलं. बाहेर जाऊन त्याने तेच पाहुण्यांना सांगितलं. मी कांदा चिरत ऐकत होते. मी त्याला तेव्हा का सांगितलं, हे मला अजून कळलेलं नाही.

पण मनात एक आशा होती. आबा येतील, आबांना कळेल.

लेकीच्या वाढदिवसाला ते आले. हॉलमध्ये दहा-बारा माणसं, नवऱ्याच्या कचेरीतली आणि सासरची. कुणीतरी म्हणालं, "मामा, जावयाची कारागिरी बघा." आबा उठले. त्यांनी चष्मा वर सरकवला, पाय दाबून बघितले, सांध्यावरून अंगठा फिरवला. मग हात आत घातला आणि त्यांचं बोट कोपऱ्यातल्या गोलाईवर थांबलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी लेकीला कडेवर घेऊन उभी होते.

आबा उभे राहिले, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "जावईबापू, हातात कला हाय की तुमच्या! आमच्या हिला साधा खिळा ठोकाय आला न्हाय कधी."

सगळे हसले. नवरा लाजल्यासारखा हसला. आबा परत खुर्चीवर बसले आणि बशीतला चिवडा खाऊ लागले. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी मान काढून घेतली.

नवऱ्याने मला दुखावलं होतं, पण त्याच्याकडून मला फार अपेक्षाही नव्हती. आबांचं तसं नव्हतं. वर्षभर मी माहेरी गेले नाही; रिक्षाने वीस मिनिटांचा रस्ता. आईने निरोपांवर निरोप धाडले तेव्हा गेले. आबांची फाउंड्री तोवर धातूच्या पॅटर्नवर गेली होती आणि ते घरीच बसून असायचे. आई भाजी आणायला गेली तेव्हा मी विचारलं.

"आबा, त्या दिवशी तुम्हाला कळलं न्हवतं?"

"कळलं की. बोट लावल्या लावल्या कळलं."

"मग?"

"तुला तितं नांदायचं हाय, पोरी. चार माणसांत जावयाला खोटं पाडून मी घरला आलो असतो. मागं तुझं काय?"

"गप्प बसला असता तरी चाललं असतं. खिळ्याचं कशाला बोललात?"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "माझ्या तरी कामाला कुणी नाव दिलं? माझ्या पॅटर्नवरनं ओतल्यालं मशीन मुंबईला गेलं, पॅटर्न फळीवर धूळ खात पडलं. आपलं काम असंच असतंय."

"तुमचं काम दुसऱ्या कुणी 'मी केलं' म्हणून मिरवलं न्हाय, आबा."

आई आली आणि विषय संपला. नंतर चार वर्षांनी ते वारले. त्या चार वर्षांत आम्ही पावसापाण्याचं, लेकीच्या शाळेचं बोललो. यावर पुन्हा नाही. त्यांचं म्हणणं मला समजत नव्हतं असं नाही. समजायचं, म्हणूनच जास्त राग यायचा.

स्टँड आमच्याकडे फार टिकलं नाही. आबांशी ते बोलणं झाल्यावर काही महिन्यांनी साहेबांची बदली झाली, तेव्हा मी चार दिवस माहेरी होते. परत आले तर हॉलचा तो कोपरा मोकळा आणि फरशीवर पायांचे चार चौकोनी डाग.

"साहेबांना लई आवडलं हुतं," नवरा म्हणाला. "माशांसकट दिलं. आपण दुसरं करू की."

"करा," मी म्हटलं.

वर्षभराने नव्या साहेबांनी त्याच्याकडे तसंच स्टँड मागितलं. तो दोन दिवस माझ्या मागे मागे होता, कधी नव्हे ते बाजारातून गजरा आणला. मी नाही म्हटलं. ओरडला, मग अबोला धरला. त्याच आठवड्यात शेजारच्या घरी दारं बसवायला एक सुतार आला होता. पटाश्या, रंधा, गुण्या, सगळी पिशवी मी त्याला देऊन टाकली. तो म्हणाला, "वहिनी, माल चांगला हाय, कशाला देताय?" मी म्हटलं, "घरात वापरणारं कुणी न्हाय." नवऱ्याने शेवटी शाहूवाडीकडच्या कुणा सुताराकडून स्टँड करून घेतलं आणि स्वतःचं म्हणून पोचवलं असं ऐकलं. मी ते बघितलं नाही.

आणखी काही वर्षांनी, तोवर स्वतःच साहेब झालेल्या नवऱ्याची बदली झाली. कचेरीत निरोप समारंभ ठेवला होता. मला पुढच्या रांगेत बसवलं, हातात नारळ दिला. एकजण भाषणात म्हणाला, "साहेब नुसते अधिकारी नाहीत, कलाकार आहेत. सागवानी काम स्वतःच्या हातानं करतात." टाळ्या पडल्या. नवरा व्यासपीठावर मान खाली घालून बसला होता, विनयाने.

लेक तेव्हा नववीत होती. ती माझ्या कानाशी आली. "आई, पप्पांनी खरंच केलतं ते?"

"न्हाय. मी केलतं," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं, मग व्यासपीठाकडे. वडिलांना हार घालत होते.

"जाऊ दे गं आई," ती म्हणाली. "आता काय त्याचं?" आणि तीही टाळ्या वाजवू लागली.