अडीच फुटांवरची बालवाडी

बाईंना सांगितलेलं काम सांगितल्यापेक्षा कमी करणं कधी जमलंच नाही. डॉक्टरांनी रोज सलग अर्धा तास चालायला सांगितलं होतं. एकदा चालणं सुरू असतानाच विहीणबाई दारात उभ्या राहिल्या. बाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, चहा दिला, लेकीची खुशाली विचारली, आणि हे सगळं पलंगाभोवती चकरा मारत. विहीणबाईंची मान आखडली, पण बाईंचा अर्धा तास चुकला नाही.

अशा माणसाच्या हातात छापील पुस्तिका देऊच नये. पण खात्याने दिली. ‘शिकण्यासाठी चांगले वातावरण’ असं तिचं नाव, पानं चाळीस. नवव्या पानावर लिहिलं होतं: आपला वर्ग मुलाच्या नजरेतून पाहा. दुसऱ्या कुणी हे वाचून मान डोलावली असती आणि पुस्तिकेवर चहाचा कप ठेवला असता. बाईंनी गुडघ्यांना जुन्या उशीचे तुकडे बांधले आणि वर्गात रांगायला सुरुवात केली.

घाई होती त्याला कारण होतं. बाईंच्या बालवाडीत चोवीस मुलं, त्यातली एक मुलगी सात महिन्यांत एक अक्षर बोललेली नव्हती. सकाळी यायची, थेट मागच्या टेबलाखाली शिरायची. मणी ओवणं, चित्रं काढणं, डबा खाणं, सगळं तिथेच, आणि सगळं नीटनेटकं. इस्त्रीच्या दुकानात काम करणारी तिची आई म्हणायची, “घरी हिचं तोंड मिटत नाही हो, बाई. इथेच काय होतं कोण जाणे.” मागच्या तपासणीत तपासनीस साहेबांनी शेरा मारला होता: पुढील तपासणीपर्यंत वर्गात बोलती न झाल्यास विद्यार्थिनीस विशेष शाळेत पाठवावे. ती शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. बाईंना त्या शेऱ्याचा मनापासून राग आला होता. पोर चांगली तल्लख आहे, खोट असलीच तर आपल्या वर्गात असणार, अशी त्यांची पक्की खात्री झाली. तपासणीला दहा दिवस उरले होते.

रांगताना बाईंना जे दिसलं त्याने त्या हबकल्याच. वर्ग म्हणजे नुसते टेबलांचे पाय आणि मोठ्या माणसांचे गुडघे. फळा दिसायचा तो खालून, म्हणजे त्याची धुळीने भरलेली कड. मुळाक्षरांचे तक्ते इतके उंचावर की पालींना साक्षर करायचा बेत असावा. कपाटाच्या खालच्या फळीवर मुलांची खेळणी नव्हती, फिनेल होतं.

बाईंचे यजमान सुतार. संध्याकाळी बाईंनी त्यांना करवत घेऊन बोलावलं.

“किती कापू?” त्यांनी विचारलं.

“अडीच फुटांच्या वर काही दिसता कामा नये.”

“अगं, मी दिसेन ना.”

“तुम्ही बसून कापा.”

सुताराने बायकोशी वाद घालणं लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सोडून दिलं होतं. चार दिवसांत टेबलं, खुर्च्या, कपाट, सगळ्यांचे पाय गेले. फळा जमिनीला टेकला. घड्याळ उतरलं, तक्ते उतरले. दाराच्या खालच्या भागात एक छोटं दार कापून झालं आणि मोठ्या दाराला खिळे ठोकून झाले, कारण मोठं दार उघडलं की मोठी माणसं उभ्याने आत येतात. आता पालक रांगत यायचे. एक आजोबा आत येऊन इतके रमले की नातवाला घरी न्यायचं विसरून गेले. पाणीवाला कॅन ढकलत यायचा आणि वाटेत ठोकळ्यांचा मनोरा रचून जायचा. मुलं तर बेहद्द खूश होती.

पाचव्या दिवशी ती न बोलणारी मुलगी सकाळी आली, नेहमीसारखी मागे गेली आणि थांबली. टेबल होतं, पण आता ते वीतभर उंचीचं. त्याच्याखाली जायला जागाच उरली नव्हती. तिने टेबलाकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं, आणि डबा छातीशी धरून दारापाशी जाऊन उभी राहिली. तीन दिवस तशीच उभी. डबाही उघडला नाही.

मग बाईंच्या ध्यानात आलं. जिच्यासाठी चोवीस मुलांचा वर्ग जमिनीला मिळवला, नेमकं तिचंच घर त्यांनी करवतीखाली दिलं होतं. त्या रात्री जेवल्या नाहीत. यजमान म्हणाले, “पाय परत जोडून देऊ का?” पण कापलेले पाय शेगडीत गेले होते.

तपासणीच्या दिवशी मुलगी दारापाशीही दिसेना. शोधाशोध झाली. सापडली ती शेजारच्या ऑफिसात, संस्थेच्या अध्यक्षांच्या टेबलाखाली. अध्यक्ष परगावी होते, त्यांना विचारता आलं नाही म्हणून तेवढं एक टेबल करवतीतून वाचलं होतं. त्यावर जमिनीपर्यंत लोंबणारा हिरवा कपडा होता. बाईंनी कपडा उचलला. आत ती मजेत डबा खात होती. बाईंनी कपडा हळूच खाली सोडला.

तेवढ्यात तपासनीस साहेब आले. सहा फूट उंच माणूस, हातात फाइल. लहान दारातून आत शिरताना ते कमरेपाशी अडकले, तेव्हा सुताराने बाहेरून ढकललं आणि मुलांनी आतून ओढलं. अर्ध्या तासाने ते त्याच मार्गाने बाहेर आले. विजारीचे गुडघे पांढरे झालेले, पण चेहऱ्यावर सरकारी शांतता.

“अहवाल टेबलावर भरायचा असतो,” ते म्हणाले. “टेबल आहे का?”

होतं ते एकच. साहेब अध्यक्षांच्या खुर्चीत बसले, बाई समोर उभ्या राहिल्या.

“या वर्गात मुलांना काय शिकवलं जातं?”

“काही नाही,” उत्तर आलं.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “काय म्हणालात?”

“मी नाही बोलले,” बाई म्हणाल्या आणि हिरव्या कपड्याकडे बघू लागल्या.

“बाई नुसत्या रांगतात,” टेबल म्हणालं. “आणि त्यांनी माझं घर कापलं.”

साहेबांनी पाय आखडून घेतले. बाई रडत होत्या आणि हसतही होत्या, पदर कशासाठी वापरावा ते त्यांना कळेना. “लिहा साहेब! शब्द न शब्द लिहा!”

“बाई, यात तुमचं नुकसान आहे.”

“होऊ दे. वर्गात बोलली, असं लिहा.”

“तसं लिहिता येणार नाही. हा वर्ग नाही, ऑफिस आहे.”

बाईंनी ताडकन पुस्तिका उघडली. पान तीन: जिथे मुले व शिक्षक एकत्र बसतात तो वर्ग. त्यांनी हाक मारली. छोट्या दारातून तेवीस मुलं रांगत बाहेर पडली, ऑफिसात आली आणि साहेबांच्या खुर्चीभोवती फतकल मारून बसली. बाईही धपकन खाली बसल्या. साहेबांनी पान तीन दोनदा वाचलं.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “पण प्रश्न पुन्हा विचारावा लागेल.” आणि त्यांनी विचारला.

टेबलाखालून आवाज नाही. एक मिनिट गेलं. साहेबांनी पेनाचं टोपण लावायला घेतलं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

“सांगितलं ना एकदा,” आतून वैतागलेला आवाज आला. “काही नाही. तुम्हाला ऐकू येत नाही का?”

साहेबांनी टोपण काढलं. वर्ग: असमाधानकारक. अध्यापन: काही नाही, असे विद्यार्थिनीचे म्हणणे. विद्यार्थिनी: वर्गात बोलते, सुस्पष्ट. विशेष शाळेची आवश्यकता नाही. खाली सही.

दुपारी बाई तो कागद घेऊन इस्त्रीच्या दुकानात गेल्या आणि आईला पहिल्यापासून वाचून दाखवला. आईने इस्त्री उभी करून ठेवली, डोळे पुसले, आणि मग जरा अवघडून म्हणाली, “पण बाई, यात तुमची बदनामी आहे ना हो?”

“आहे की,” बाई म्हणाल्या. “तिच्या स्वतःच्या तोंडची आहे.”