भाऊजींचा दुसरा गिअर

माझ्या ताईच्या नवऱ्याला मोटरसायकलमधलं सगळं कळतं. हे मी म्हणत नाही, भाऊजी स्वतःच म्हणतात, आणि न विचारता म्हणतात. सव्वीस वर्षं एका कचेरीत आलेल्या कागदावर एक शिक्का आणि जाणाऱ्या कागदावर दुसरा शिक्का मारणं, हा त्यांचा उद्योग. त्यात इंजिन कधी शिकले ते देवालाच ठाऊक. पण गल्लीत कुणाची गाडी धक्का मारून चाललेली दिसली, की हे हातातला चहा ठेवून गॅलरीत येणार आणि वरूनच निदान करणार, "कार्बोरेटर!" खालचा माणूस म्हणणार, "साहेब, पेट्रोल संपलंय." त्यावर हे म्हणणार, "तेच. कार्बोरेटरमुळेच संपलं."

दुसरा नाद बुटांचा. रोज सकाळी अर्धा तास बूट मांडीवर घेऊन बसतात. आधी ब्रश, मग फडकं, मग तोंडाची वाफ. तेवढ्या वेळात ताईचं पाणी भरून होतं, डबे भरून होतात, कपडे वाळत पडतात. तिच्या चपलेचा अंगठा तुटून महिना झाला होता. चपलेला दोरा बांधून चालत होती बिचारी. ते काही यांच्या नजरेला पडलं नाही.

असल्या माणसाच्या पोटी माझी भाची जन्माला आली. शहाणी, कामाला वाघ आणि कमी बोलणारी. पाणीखात्यात घरोघरी जाऊन मीटर वाचायच्या कामावर तिची निवड झाली. अट एकच: मोटरसायकलचा परवाना महिनाअखेर दाखवायचा, नाहीतर यादीतला पुढचा माणूस घेणार. त्या परवान्याच्या परीक्षेत पोरगी दोनदा नापास झाली होती. महिना संपायला आठ दिवस उरले होते आणि तिसऱ्या परीक्षेची तारीख मिळाली होती.

नापास होण्याचं कारण दोन्ही वेळा तेच. गाडी बाबांची. पहिला गिअर नीट पडायचा, गाडी सुटायची, आणि दुसरा टाकला की गाडी न्यूट्रलमध्येच अडकायची. इंजिन नुसतं ओरडायचं, चाकाला जोर नाही. परीक्षा घेणारा साहेब हातातला कागद हलवून म्हणायचा, "पुढचा."

घरी आल्यावर भाऊजींचं प्रवचन सुरू. "गाडीला माझ्या पायाची सवय आहे. गिअर टाकणं म्हणजे लाटणं फिरवणं नव्हे. तुम्हा बायकांच्या पायात वजनच नाही."

"बाबा, तुमचाही दोनदा दाबल्याशिवाय पडत नाही," पोरगी म्हणाली.

"ती माझी पद्धत आहे."

मी तिथेच भाजी निवडत बसले होते. जीभ आवरावी म्हणून मनात देवाचं नाव घेतलं. आवरली नाही. "भाऊजी, पद्धत असेल तर गॅरेजला कशाला खेपा घालता?"

कारण खेपा चालूच होत्या. कोपऱ्यावर एक मेकॅनिक आहे, पन्नाशीचा, एका कानात कायम कापसाचा बोळा. भाऊजी त्याच्या डोक्यावर उभे राहून हुकूम सोडायचे. ऑइल बदल, त्यानं बदललं. क्लचची केबल बदल, तीही बदलली. शेवटी क्लच प्लेटा बदलून झाल्या. दुसरा गिअर होता तिथेच. मग भाऊजी घरी येऊन सांगायचे, "हल्ली कारागीर राहिले नाहीत."

परीक्षेच्या आदल्या दिवशी ते कचेरीत गेले आणि नशिबानं बसनं गेले, कारण वरच्या साहेबांच्या गाडीतून परत यायचं होतं. मी भाचीला म्हटलं, "चल, किल्ली घे." तिनं आईकडे पाहिलं. ताईनं खुंटीवरची किल्ली काढून तिच्या हातात दिली.

मेकॅनिकनं आधी आमच्या मागे कुणी येतंय का ते पाहिलं. "साहेब नाहीत? बरं झालं." मग भाचीला म्हणाला, "तू बस. चालव. आणि काय होतं ते तू सांग."

इतक्या दिवसांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. ती एक फेरी मारून आली. "टाचेनं दाबते ना, तर गिअरची दांडी अर्ध्यात कशावर तरी आपटते. पूर्ण खाली जातच नाही."

मेकॅनिक उकिडवा बसला. त्या गाडीत वरचे गिअर टाकायचे दोन मार्ग. पायाचं टोक दांडीखाली घालून ती वर उचलायची, नाहीतर दांडीचं मागचं टोक टाचेनं दाबायचं. त्यानं मागचं टोक हातानं दाबलं. टक्. ते पाय ठेवायच्या लोखंडावर आपटलं.

"ही दांडी खाली कुणी आणली?"

"बाबांनी," भाची म्हणाली. "पुढून उचलली की बुटाच्या टोकाला ओरखडा पडतो ना. म्हणून टाचेला सोपी पडावी अशी लावून घेतली."

मेकॅनिकनं कानातला बोळा काढला, जणू नीट ऐकू आलं नव्हतं. "अहो, मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, दांडी बघू द्या. तर म्हणाले, ती माझ्या मापाची आहे, हात लावायचा नाही. आणि मी मुकाट्यानं प्लेटा बदलत बसलो!"

एक बोल्ट सैल केला, दांडी बाहेर ओढली, मागचं टोक वर येईल अशी एक दाता फिरवून परत बसवली. संपलं. ऑइल, केबल, प्लेटा, दोन नापास परीक्षा, आणि दुखणं हे!

भाऊजी संध्याकाळी आले. गाडीकडे बघताच त्यांचा चेहरा बदलला. "माझ्या दांडीला कुणी हात लावला?"

"मेकॅनिकनं. मी सांगितलं," मी म्हटलं. "उद्या पोरीची परीक्षा आहे."

"गाडी माझी आहे. पाना आणा."

"बाबा, उद्या दुपारपर्यंत तरी राहू द्या."

"आधी चालवून बघतो काय वाटोळं केलंय." ते बसले आणि ऐटीत निघाले. टाच जुन्या जागी गेली, तिथे दांडी नव्हती. पुन्हा टाच मारली, हवेत. गाडीनं दोन गचके खाल्ले आणि फाटकासमोर बंद पडली. समोरचे निवृत्त मास्तर, दूधवाला, वरच्या मजल्यावरच्या दोघी जणी, सगळे बघत होते.

"बिघडवली!" भाऊजी ओरडले.

भाचीनं हँडल हातात घेतलं. "उतरा बाबा." किक मारली आणि पहिला, दुसरा, तिसरा, गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळून आली. एकदाही इंजिन ओरडलं नाही.

मास्तर म्हणाले, "वा! कुणी दुरुस्त केली हो?"

आता बघा हा माणूस. क्षणभरही न अडखळता म्हणाले, "मीच. तिच्या पायाच्या मापानं लावून घेतली. उद्या परीक्षा आहे ना."

मी तोंड उघडणार तोच ताईनं माझा हात दाबला. बरोबर होतं तिचं. चार माणसांत बोलून बसले, आता पाना मागायची सोय उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पोरगी पास झाली. निकाल कळेपर्यंत मी देवाला हात जोडून बसले होते. महिना संपायच्या आत तिनं परवाना पाणीखात्यात दाखवला आणि कामावर हजर झाली. मीटर वाचायला सातलाच निघावं लागतं, त्यामुळे गाडी तिच्याबरोबर जाते. भाऊजी बसनं जातात. रोज ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून त्याला सांगतात, गिअर कधी बदलायचा. परवा ड्रायव्हरनं बस बाजूला घेतली आणि त्यांना मागच्या दारापाशी उभं केलं.