एक बाई, एक एकर

मी बी.ए. झाले ती टपालानं आणि रेडिओनं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. टेलिफोनच्या कचेरीत मी ट्रंककॉल जोडत असे. कानाला हेडफोन लावून एकाचं बोलणं दुसऱ्याला जोडून द्यायचं. ते खरं की खोटं हे पाहणं आपलं काम नाही, असं तिथं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तीच सवय मी अभ्यासालाही लावली. छापून आलं की खरं, आणि रेडिओवर आलं की त्याहून खरं.

एक संस्था सायक्लोस्टाइल केलेले धडे घरी पाठवायची. वाचून उठलं की बोटं काळी. त्या धड्यांवर आठवड्यातून दोनदा संध्याकाळी रेडिओवर अर्थशास्त्राच्या सरांचं पंधरा मिनिटांचं व्याख्यान असे, आणि नेमकी तेव्हाच माझी ड्यूटी. ऐकायचं कोणी? नवऱ्यानं पहिलं व्याख्यान ऐकलं आणि "चांगलं होतं" एवढा सारांश दिला. मग ते काम सासूबाईंकडे गेलं.

सासूबाई रामटेकजवळच्या खेड्यातल्या. उभं आयुष्य धानाच्या शेतात, बांधीतल्या चिखलात गेलेलं. आमची मुलगी झाली तेव्हा तिला सांभाळायला म्हणून नागपुरात, सक्करदऱ्याला आल्या आणि राहिल्या. अक्षरओळख सहीपुरती, पण कानावर पडलेलं विसरत नसत.

"काय सांगितलं आज सरांनी?" मी चपला काढता काढताच विचारी.

"सर्दी झाली हाये त्याले. तीनदा नाक ओढलं. मंग म्हणते, मागणी वाढली का भाव वाढते."

"आणि पुरवठा?"

"तेबी सांगितलं. पण भाव ठरवते कोन, हे नाई सांगितलं. आमच्याकडं अडत्या ठरवते. ह्या मानसानं अडत्या पाह्यला नाई वाटते."

मी वहीत मागणी आणि पुरवठा तेवढा उतरवून घेई. अडत्या आणि सर्दी गाळून टाकी.

एकदा घरी आले तर रेडिओ बंद, मुलगी झोपलेली आणि सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसलेल्या.

"काय झालं, आई?"

"तुह्या सरले म्हनाव, ती बाई आनून दाखव."

सरांचं काही भलतंच प्रकरण रेडिओवर बाहेर पडलं की काय!

"कोणती बाई?"

"एका दिवसात एकटीनं एक एकर रोवणी करनारी."

मी धडा काढून पाहिला. होतं खरं तसंच: धानाच्या रोवणीसाठी एकरी १ स्त्री-मजूर १ दिवस पुरतो. मी तो कागद सासूबाईंपुढे विजयानं धरला.

"छापलंय, आई. आणि सरांनी रेडिओवरही तेच सांगितलं. दोन ठिकाणी आहे."

"हा कागद लिहिला कोनं?"

"सरांनीच."

"मंग दोन ठिकानं कुठचे वं? एकच मानूस दोनदा बोलला."

एवढं बोलून त्या उठल्या, लुगडं खोचलं, कमरेत वाकल्या आणि आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर रोपं लावू लागल्या. हातात काही नाही, पण बोटं अशी चालत होती की मला चिखल दिसायला लागला. मागं मागं सरकत त्या स्टोव्हपर्यंत आल्या, मी घाईनं दुधाचं पातेलं उचललं.

"येवढं झालं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "एकराले आमी दहाजनी लागत होतो. तरी सांजच्याले कंबर सरळ होत नव्हती. काहून लिहिलं त्यानं असं?"

माझी खरी पंचाईत वेगळीच होती. त्या एका बाईच्या भरवशावर मी विदर्भातल्या शेतीवर दीड पानाचं उत्तर तयार करून पाठसुद्धा केलं होतं.

दोन महिन्यांतून एका रविवारी सीताबर्डीवरच्या एका शाळेत प्रत्यक्ष तास होत. या खेपेस सासूबाई धुतलेलं लुगडं नेसून, मुलीला माझ्या नवऱ्याच्या मांडीवर ठेवून, माझ्याआधी रिक्षात जाऊन बसल्या. दारात मी बजावलं, "मागच्या बाकावर बसायचं आणि बोलायचं नाही." त्या पुढच्या बाकावर बसल्या.

सर आले. काडीसारखे, उन्हाळ्याच्या तोंडाशीही गळ्यात मफलर.

"सर्दी खरीच हाये," सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या. ते अख्ख्या वर्गानं ऐकलं. मग त्या उभ्याच राहिल्या. "सर, ती बाई कुठची हाये?"

"कोणती बाई?" सर दचकले. पेंगणारे सगळे विद्यार्थी ताठ झाले.

सासूबाईंनी सांगितलं. सर आधी हसले, धडा पाहिला आणि म्हणाले, "इथं तर एकच दिलीय." मग त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. पिशवी उपसून त्यांनी स्वतःच्या हातचा कच्चा खर्डा काढला. त्यात स्वच्छ अक्षरात '१०' लिहिलेलं होतं.

सर खुर्चीवर बसले. "मीच लिहिलं होतं. दहा म्हणून. पण छापलेलं हातात आलं आणि रेडिओवर मी तेच वाचून आलो. स्वतःचं लिहिलेलं उघडून पाहिलं नाही."

"मंग बाकीच्या नऊ बाया?"

"टाइप करताना शून्याबरोबर गळाल्या, आई."

वर्ग हसला, पण जरा बेतानंच. तिथं आम्ही तीसेकजण होतो. त्यातले निम्मे शेतकऱ्यांच्या घरचे, आणि त्या बाईबद्दल कोणालाच काही वाटलं नव्हतं. माझ्या शेजारच्यानं तर समासात 'कार्यक्षमता!' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. तो हळूच खोडत होता.

पुढच्या व्याख्यानाला मला सुट्टी होती. आम्ही दोघी रेडिओपाशी बसलो. सरांनी सुरुवातीलाच चूक दुरुस्त केली आणि 'एका जागरूक श्रोत्याचे' आभार मानले.

"श्रोता?" सासूबाई भडकल्या. "बाई म्हनाले काय झालं? नऊ बाया आंधी गाळल्या, दहावी आता गाळली."

पुढच्या वर्षी शेवटची परीक्षा दिली. निकाल वर्तमानपत्रात येत, नुसते क्रमांक. माझ्या आधीचा होता, नंतरचाही होता, माझा नव्हता. मी चारदा बोट फिरवलं आणि पदर तोंडाला लावून रडायला बसले. नवरा म्हणाला, "जाऊ दे, पुढच्या वर्षी पाहू."

सासूबाई म्हणाल्या, "ह्या कागदानं तपासला काय तुहा पेपर?"

"नाही. विद्यापीठानं."

"मंग रडून राहिली काहून? तिथं जा."

डोळे पुसून गेले. खिडकीतल्या कारकुनानं जाडजूड वही उघडली, ओळीवरून पेन्सिल नेली आणि मान वर न करता म्हणाला, "सेकंड क्लास. तिकडं छापताना काही नंबर गळाले. सकाळपासून तुम्ही चौथ्या. बाकीचे घरीच रडत बसले असतील."

मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण मध्ये जाळी होती.

परत गल्लीत शिरले तर कोपऱ्यावरच शेजारीण भेटली. "अभिनंदन वं!" ती म्हणाली. तिच्या तोंडात पेढा होता. घरी मोठा पुडा, अर्धा रिकामा. मी बाहेर पडल्याबरोबर सासूबाईंनी नवऱ्याला पेढे आणायला पिटाळलं होतं, आणि मी विद्यापीठाच्या रांगेत उभी होते तेव्हा इकडे गल्लीभर मी पास झालेली होते.

"आई, आणि मी खरंच नापास निघाले असते तर?"

"तर का पेढे वापस मागतले असते?" त्या म्हणाल्या आणि पुडा माझ्यापुढे सरकवला.