नात्यातलं नसलेलं गिऱ्हाईक

ज्या धंद्यात माल साठत नाही, तिथे किस्से साठतात. आमच्याकडे तर मालच नव्हता, त्यामुळे बघायलाच नको!

ऑफिस म्हणजे गंगापूर रोडवर दातांच्या दवाखान्याच्या वरची एक खोली. माणसं तीन. पैठणी भाड्याने द्यायची, ही कल्पना प्रसादची. वेबसाइट नेहाची. उरलेलं सगळं माझं. प्रसाद ‘लीन स्टार्टअप’वाला. म्हणजे आधी पसारा मांडायचा नाही. थोडक्यात करून बघायचं, लोकांना खरंच हवंय का ते पाहायचं, मग पुढचं.

त्याच्या वडिलांचं, अण्णांचं, येवल्यात पैठणीचं दुकान. ते म्हणाले, "भाड्यानं मांडव आणतात. पैठणी नाय!" तरी मुदत दिली. दिवाळीपर्यंत नात्यातलं नसलेलं एक गिऱ्हाईक दाखव, नाहीतर गुमान दुकानात येऊन बस. प्रसादला दुकानात बसायचं नव्हतं. बिचाऱ्याची झोप उडाली होती.

*

प्रसादचा नियम असा, की लोकांना मत विचारायचं नाही, मागच्या वेळी काय केलं ते विचारायचं. खालच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या एका काकूंना त्याने विचारलं, "मागच्या लग्नात काय नेसला होतात?"

काकूंनी सुरुवात केली ती थेट साखरपुड्यापासून. मानपान झाला, रुसवेफुगवे झाले, डॉक्टरांनी दोनदा हाक मारली तरी काकू हलेनात! प्रसाद वर आला तेव्हा घामाघूम झाला होता.

"काय शिकलो आपण?" नेहाने विचारलं.

"धाकट्या जावेला बोलवायचं नाही."

*

मग आम्ही वेबसाइटवर नुसतं एक बटण टाकलं, ‘भाड्याने हवी’. दाबलं की ‘लवकरच येत आहोत’ असं दिसायचं. किती जण दाबतात एवढंच बघायचं होतं.

पहिल्याच दिवशी धडाधड दाबलं गेलं! प्रसादने पेढे आणले. पेढे खाऊन झाल्यावर कळलं, त्याच्या आईने घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता, "प्रसादचं बटण सगळ्यांनी दाबा."

नेहाने बटणाखाली एक प्रश्न घातला, "आपण नातेवाईक आहात का?" सगळ्यांनी प्रामाणिकपणे ‘हो’ लिहिलं. एका आत्याने तर नातंही उलगडून सांगितलं!

*

शेवटी खऱ्या पैठण्या लागल्याच. त्या कुठून आल्या? प्रसादच्या आईच्या कपाटातून. पहिली गेली तिच्याच मामेबहिणीच्या सुनेकडे, निफाडच्या एका लग्नासाठी. त्या लग्नाला आईही होती, साध्या साडीत.

दुसऱ्या दिवशी प्रसाद पेन सरसावून बसला. "आई, ग्राहक म्हणून नाही, बघणारी म्हणून सांग. कसं वाटलं?"

"जेवण चांगलं होतं म्हणे."

"म्हणे?"

"मला कुठे जेवायला मिळालं? ती मठ्ठ्याची वाटी घेऊन मांडवभर फिरत होती, आणि मी तिच्या पदरामागे!"

हे गिऱ्हाईकही नात्यातलंच, त्यामुळे हिशेबात धरलं नाही. प्रसाद त्या दिवशी जेवला नाही. माझा स्वभाव कशात जीव गुंतवायचा नाही, पण मलाही वाईट वाटलं.

*

वसुबारसेला अण्णा एसटीने आले, पोराला न्यायला. दुकानात दिवाळीची गर्दी होती. प्रसाद सामान भरत होता. नेहा खिडकीबाहेर बघत होती. अण्णा खुर्चीच्या कडेवर बसून होते. तेवढ्यात वेबसाइटवर दिलेल्या नंबरचा फोन वाजला. प्रसादने स्पीकर लावला.

"तुमच्याकडे पैठणी भाड्याने मिळते ना? पाडव्याला हवी होती."

प्रसादने चाचरत विचारलं, "आपण... आमच्या नात्यातल्या आहात का?"

"नाही हो! का, नात्यातच देता का?"

नेहा टेबलावर चढायची बाकी होती! बाई पुढे हळू आवाजात म्हणाल्या, "एक अडचण आहे. सासूबाईंना मी विकत घेतली असंच सांगणार आहे. त्या साडीतल्या जाणकार. कुठून घेतली म्हणाल्या, तर काय सांगू?"

प्रसादच्या ‘लीन स्टार्टअप’च्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं.

अण्णांनी हात लांब करून फोन ओढून घेतला. "ताई, येवल्याहून घेतली म्हणा. आमच्या दुकानातून. सासूबाईंनी फोन केला तर मी हाय."

फोन ठेवून ते प्रसादकडे वळले.

"रंग कोणता देतोय तेवढं सांगून ठेव. उगं खोटं पडायला नको."